अळणी आमटी

"म्हणजे बाबा, जोडूच नये असं तुमचं म्हणणं?"

सुधाकर नेव्यांचा आवाज जरा चढलाच.

भानगीरबाबा उद्याची तूरडाळ निवडत बसले होते. त्यांनी सुपातून मान वर केली नाही.

"मी कुठं काय म्हटलं? मघापासून तूच बोलतोयस."

ते खरं होतं. गिरणा नदीच्या काठावरच्या त्या मठीत सुधाकर सकाळी येऊन टेकले, तेव्हापासून ते बोलतच होते. तालुक्यात त्यांच्या मसाल्याच्या कारखान्याचं नाव होतं. आपल्याला चार गोष्टी जास्त कळतात, हे ते कोणापुढे लपवत नसत. बाबांपुढेही नाही.

"पुन्हा सांग," बाबा म्हणाले. "म्हाताऱ्याला समजेल असं."

"सोपं आहे हो. कारखान्यात तीन संगणक. एक गोदामाचा, एक विक्रीचा, एक हिशेबाचा. तिघांची सॉफ्टवेअरं वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या माणसांनी करून दिलेली. याचं त्याला कळत नाही. गोदाम मिरची पोत्यांत मोजतं, विक्री खोक्यांत, हिशेब किलोंत. मिरची तीच, पण तीन घरी तीन."

"भावकीच की."

"भावकीच!" सुधाकर हसले. "आता नवी सिस्टीम आणलीय. सगळं एकत्र. पोतं फाटकातून आत आलं की तिघांनाही तिथल्या तिथे दिसणार. दळताना किती घटलं, खोकी किती भरली, कुठे रवाना झाली... सगळं एका जागी. केतकीनं उभं केलंय. पुण्याची चांगली नोकरी सोडून आली पोरगी."

"मग अडलंय कुठं?"

"घोळ निघतो. सुरू करायचा दिवस ठरला की आदल्या दिवशी काहीतरी घोळ निघतोच. कधी धण्याचं वजन जुळत नाही, कधी कुठल्या गिऱ्हाइकाचं नाव दोनदा पडलेलं असतं. मग पुढं ढकलायचं."

"कोण काढतं घोळ?"

सुधाकरांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

"मीच काढतो. एवढं बारकाईनं बघणारं दुसरं आहे कोण तिथे?"

बाबांनी एक खडा वेचून अंगणात टाकला.

"आज दुपारपर्यंतची मुदत दिलीय तिनं मला," सुधाकर म्हणाले. "सुरू करायचं नसेल तर तसं स्पष्ट सांगा, म्हणाली, मी परत पुण्याला जाते. बापाला धमकी!"

"धमकी नसेल. थकली असेल."

सुधाकरांनी नाकावरचा चष्मा वर सारला.

"आणि आधी कसं चालायचं रे तुझं? ही भावकी कोण सांभाळायचं?"

सुधाकरांनी पायरीवरची धूळ उगाच हातानं झटकली.

"आधी... कुमुद होती."

कारखान्यात या तीन खोल्यांच्या मधल्या पडवीत सुधाकरांच्या पत्नीची, कुमुदवहिनींची वेताची खुर्ची असायची. दुपारचा चहा झाला की त्या तिथे येऊन बसायच्या आणि बसल्या जागेवरून तिन्ही दारांत हाका मारायच्या. "गोदामवाले, काल गच्चीवर पोती वाळत घातलीत, ती कोण लिहिणार? माझा आजा?" "विक्रीवाले, खोकी विकून मोकळे झालात, अजून दळण तरी झालंय का?" दारांतून हशा यायचा आणि हशामागून खरे आकडेही यायचे. संध्याकाळपर्यंत तीन मिरच्यांची एक मिरची व्हायची. सुधाकर गिरणीतून अंगभर तिखट घेऊन वर यायचे, तेव्हा वहिनी चष्मा कपाळावर चढवून म्हणायच्या, "जमलं हो सगळं. चला घरी." आणि पदरानं त्यांच्या भुवयांवरचं तिखट पुसायच्या. लोकांदेखत. सुधाकर ओशाळायचे, पण मान मागे घ्यायचे नाहीत.

मागच्या दिवाळीआधी त्या गेल्या. आजार फार दिवसांचा नव्हता.

"आता जमत नाही," सुधाकर म्हणाले. "परवा सुरतेच्या व्यापाऱ्याला आमच्याकडे नसलेलाच माल विकला. विक्रीच्या संगणकावर खोकीच खोकी, आणि गोदामात झाडून घेतलेली जमीन. जुना माणूस, पण रागावून तुटला. सगळे डोक्याला हात लावून बसले होते. म्हणाले, वहिनी असत्या तर..."

"असं रोज म्हणतात?"

"रोज. कोणी ना कोणी म्हणतंच. रोज काहीतरी चुकतंच ना."

"आणि नवीन सुरू झालं की?"

"मग कशाला चुकेल? मग कोणाला म्हणायचं कारणच..."

वाक्य तिथेच राहिलं. खाली नदीवर कुणी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज येत होता. धप्प... मग बराच वेळ काही नाही... मग पुन्हा धप्प.

बाबांनी सूप भिंतीला लावून ठेवलं.

"चल. आधी जेवू."

आत चुलीजवळ दोन पाट मांडले होते. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, फोडलेला कांदा. सुधाकरांनी पहिला घास घेतला आणि ते थबकले. जन्म मसाल्यात गेलेला. जीभ गप्प बसेना.

"बाबा, मीठ विसरलात."

"विसरलो नाही. घातलं नाही."

"का? वैद्यांनी बंद केलंय?"

"नाही रे. मीठ धोंडूनानांकडे होतं."

धोंडूनाना म्हणजे बाबांचे गुरुबंधू. दोघांनी या एकाच मठीत म्हातारपण गाठलं होतं. नाना उन्हाळ्यात गेले. त्यांच्या भंडाऱ्याला मसाला सुधाकरांकडूनच आला होता.

"माझं ध्यान नसायचं," बाबा म्हणाले. "कधी मीठ दोनदा पडायचं, कधी पडायचंच नाही. एकदा मिठाऐवजी साखर घातली. नाना म्हणाले, भानगीर, तू देवाला सांभाळ, बरणी मी सांभाळतो. तेव्हापासून चूल माझी, मीठ त्यांचं. तशी वाटणीच झाली."

"आणि नाना गेल्यापासून तुम्ही असं अळणी जेवताय?"

"हं."

"रोज?"

"घास घेतला की वाटतं, नाना असते तर..."

"अहो, पण याला काय अर्थ आहे!" सुधाकरांनी भाकरीचा तुकडा ताटात टाकला. "बरणी ती काय, समोर फडताळात आहे. हात लांब केला की झालं. मीठ घातलं म्हणून काय नाना पुसले जाणार आहेत? उलट त्यांनाच विचारा, त्यांना आवडलं असतं हे? ज्या माणसानं जन्मभर तुमच्या तोंडाची चव राखली, त्याच्याच नावानं तुम्ही रोज असं बेचव..."

हात हवेतच राहिला.

बाबा त्यांच्याकडे बघत होते. त्या बघण्यात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. त्यांचे डोळे नुसते थकलेले होते.

चुलीतलं लाकूड आवाज करून खचलं.

सुधाकरांनी ताट जरा पुढे सारलं. मग उठले, मोरीवर हात धुतला आणि ओसरीवर गेले. खिशातून फोन काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला.

"केतकी... हो, मठीतच आहे... नाही, घोळ नाही काही. कर सुरू."

पलीकडे ती काही बोलली. सुधाकरांनी ओसरीच्या खांबाला टेकून ऐकून घेतलं.

"नको, माझ्यासाठी थांबू नकोस. आत्ताच कर. मी आलो की पुन्हा काहीतरी काढीन."

मग नुसतं, "हो गं... आठवण मलाही येते," एवढंच म्हणून त्यांनी फोन बंद केला. चष्मा काढून शर्टाला पुसला.

ते आत आले तेव्हा बाबांनी ताटाला हात लावलेला नव्हता. आमटीवर पापुद्रा धरला होता. बाबांनी हनुवटीनं फडताळ दाखवलं.

बरणी चिनी मातीची होती. झाकणावर धूळ बसलेली. पावसाळा मध्ये गेला होता, आत मिठाचा दगड झाला होता. सुधाकरांनी पळीच्या दांड्यानं तो खरवडला, चिमटी भरली आणि आमटीच्या पातेल्यावर हात धरला. चिमटी सुटायला वेळ लागला. मग त्यांनी आमटी ढवळली, सवयीनं थेंबभर तळहातावर घेऊन चाटली, आणखी जरासं मीठ टाकलं आणि बाबांच्या वाटीतली आमटी पातेल्यात परत ओतून नव्यानं वाढली.

बाबांनी भाकरी कुस्करली. घास घेतला. डोळे मिटून सावकाश चावला.

"गेले रे नाना," ते म्हणाले.

मग त्यांनी वाटी पुढे केली.

"वाढ अजून."