कापूस आलेला निवडुंग

शपथेवर सांगतो, ही गोष्ट घडली तश्शी आहे. मी मठातच होतो. म्हणजे मठात नव्हतो, खाडीपलीकडे तरीच्या धक्क्यावर होतो. पण वारा मठाकडून वाहत होता.

"कापून टाकू का, बाबा?"

विरूपाक्षानं विचारलं. त्याच्या हातात सुरी होती.

मठाचे केवळबाबा गिरनारहून नुकतेच परतले होते. पायांवरची धूळसुद्धा अजून तशीच होती.

"काय कापतोस?"

"रोग..."

त्या मठात तुळस एकच, बाकी सगळे परदेशी निवडुंग. प्रदक्षिणेला गेलेल्याचं धोतर शाबूत परतत नसे. त्या साऱ्यांची निगा शिष्य विरूपाक्षाकडे. "माझ्या हातून आजवर एक रोप मेलेलं नाही," हे तो आल्यागेल्याला ऐकवी, कुणी न विचारता.

म्हणून तर बाबांनी जाताना आपला लाडका ब्राझीलचा निवडुंग त्याच्या हवाली केला होता. एका खलाशानं दिलेल्या बियांतला तेवढाच एक रुजलेला. नारळाएवढा, गोल, हिरवागार. फूल कधी कुणी पाहिलेलं नाही.

आता त्याच्या डोक्यावर पांढरा कापूस साठला होता. मधूनमधून तांबडे राठ केस.

"पाणी तोडलं. राख फासली. कडुनिंबाचं तेल लावलं," विरूपाक्ष म्हणाला. "तरी वाढतोच आहे. गेला हा, बाबा. माझ्या हातून गेला."

बाबांची नजर दारापाशी गेली. तिथं एक गाठोडं होतं.

"ते कुणाचं?"

"माझं... कुठल्या तोंडानं राहू इथं?"

"लोक विचारतील. काय सांगू?"

"सांगा, विरूपाक्ष काशीला गेला."

"काशीला निघालास?"

"नाही. मामाकडे. चिपळूणला."

बाबा खाली बसले. कुंडी पुढ्यात ओढली. एका बोटानं कापूस हळूच बाजूला सारला...

आत लवंगेएवढी गुलाबी कळी होती.

"रोग नव्हे रे. टोपी आहे ही. वयात आला की घालतो. फुलं इथंच येतात याला. खलाशी सांगून गेला होता. मला वाटलं, माझ्या हयातीत काही दिसत नाही."

विरूपाक्ष मटकन खाली बसला. त्यानं सोडलेल्या सुस्काऱ्यानं कुंडीतली राख उडून बाबांच्या दाढीत गेली.

"म्हणजे मेला नाही?"

"नाही."

"खरंच नाही?"

"सुरी खाली ठेव आधी."

त्यानं सुरी ठेवली. डोळे पुसले. कळीकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग हळूहळू त्याची मान ताठ झाली.

"तरी म्हटलं. माझ्या हातून आजवर एकही..."

बाबांनी नुसतं पाहिलं.

"...आज शिरा करतो, बाबा," असं पुटपुटत तो दाराशी गेला आणि गाठोडं सोडायला लागला. घाईत मारलेली गाठ, काही केल्या सुटेना.

यावर बाबा पोट धरून हसले, असं मी आजवर सांगत आलो. ते माझ्या पदरचं. हसले बिसले काही नाहीत. उठून त्याच्याजवळ गेले, गाठीला आपलेही हात लावले आणि म्हणाले,

"मेला असता, तर तुला तोंड लपवून जायची परवानगी मिळाली नसती. जगलाय. आता गेलास तरी चालेल."