दोन मडक्यांचा निवाडा

रत्नपूरच्या दरबारात हरिहरशास्त्री नावाचे न्यायाधीश होते. त्यांचा निवाडा फार झटपट असे. वादी-प्रतिवादींचे बोलणे संपते न संपते, तोच शास्त्री निकाल सांगून मोकळे होत. लोक त्यांच्या हुशारीची तारीफ करत आणि शास्त्रीबुवांना ती तारीफ मनापासून आवडे.

एकदा राजा अजितसेनाच्या मनात आले की रत्नपूरपासून नदीकाठच्या सोनबंदरापर्यंतचा रस्ता मोजावा आणि वाटेत सारख्या अंतरावर विहिरी खोदाव्यात. हे काम त्याने सटवाजी आणि लखू या दोन गाडीवानांवर सोपवले. दोघे शेजारी-शेजारी राहणारे, लहानपणापासूनचे मित्र. चाकाच्या कडेला तांबडी चिंधी बांधायची, चाकाशेजारून पायी चालायचे आणि चिंधीचा एक फेरा पुरा झाला की एक चिंचोका मडक्यात टाकायचा, असे ठरले. एकाची चूक झाली तर दुसऱ्याच्या मोजणीवरून कळावी, म्हणून माणसे दोन. शिवाय राजाने बजावले, "मोजणीत जो लबाडी करील, त्याचे गाडी-बैल जप्त होतील आणि त्याला राज्याबाहेर घालवले जाईल."

दोघे बरोबर निघाले, बरोबर पोचले आणि बरोबरच परत आले. दरबारात मडकी उपडी केली, तर काय! लखूच्या चिंचोक्यांचा ढीग सटवाजीच्या ढिगापेक्षा जवळजवळ दुप्पट.

राजाचा चेहरा उतरला. सटवाजी तर लालबुंद झाला. "महाराज, मी एकही फेरा सोडलेला नाही. यानेच काम जास्त केल्याचं दाखवायला मुठी भरभरून चिंचोके टाकले असतील. लबाड आहे हा!"

लखू मित्राकडे बघतच राहिला.

राजाने शास्त्रीबुवांकडे पाहिले. सगळा दरबार त्यांच्याकडे पाहू लागला. शास्त्रींना निकाल समोर दिसत होता. रस्ता एक, निघाले बरोबर, पोचले बरोबर. मग एकाची मोजणी जास्त भरलीच कशी? जास्त टाकणाराच लबाड. त्यांनी तोंड उघडले, पण नियमाप्रमाणे आधी लखूला विचारले, "तुला काही सांगायचं आहे?"

"मी खोटं काही टाकलेलं नाही, शास्त्रीबुवा," लखू म्हणाला. "पण सटवाही खोटं बोलणारा माणूस नाही. मग हे झालं कसं, तेच मला कळत नाही."

शास्त्री घुटमळले. ज्याच्यावर आळ आला आहे, तोच आळ घेणाऱ्याची बाजू घेत होता! त्यांनी पुन्हा दोन्ही ढिगांकडे पाहिले. दरबाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. सेनापती म्हणाले, "लखूच्या गाडीची चाकं लहान आहेत. लहान चाक हलकं, म्हणून जोरात पळालं असेल." यावर पुरोहित म्हणाले, "जोरात पळालं, तर आधी पोचायला हवं होतं. हे तर बरोबर पोचले." दोन्ही बोलणी शास्त्रींना पटली आणि दोन्ही एकत्र काही केल्या बसेनात. त्यांच्या डोक्याचा पार गोंधळ उडाला. गाडी-बैल गेले की गाडीवानाच्या घरची चूल विझते, हे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते.

शेवटी ते हळूच म्हणाले, "महाराज, मलाही कळत नाही. उद्यापर्यंत मुदत द्या."

कोणीतरी खुदकन हसले. शास्त्रीबुवांचे कान तापले, पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजा आणि बघे जमले, तेव्हा त्यांनी दोन्ही गाड्या वेशीबाहेरच्या रस्त्यावर शेजारी-शेजारी उभ्या करवल्या. लखूची गाडी दगड वाहायची, दगड चढवायला सोपे जावे म्हणून तिची चाके बुटकी. सटवाजीची गाडी चिखलातून जाणारी, तिची चाके उंच. गाड्या चालू लागल्या. शास्त्रीबुवा दोन्ही गाड्यांच्या मधून धावत कधी इकडे, कधी तिकडे पाहू लागले. लहान चाकाची चिंधी गरगर फिरत होती. मोठ्या चाकाची चिंधी सावकाश वर येई, सावकाश खाली जाई.

"थांबा!" ते ओरडले. गाड्या थांबल्या. पाहतात तो चारही बैलांच्या माना एका ओळीत.

"हे भरभर फिरतं, ते हळू फिरतं, आणि पुढं कोणीच जात नाही!" शास्त्री धुळीतच बसले. पागोटे सुटून खांद्यावर आले होते. बघे हसत होते. कालच्यापेक्षा आज गोंधळ वाढलाच होता. "फेरे निराळे आणि रस्ता सारखा. मग एका फेऱ्यात होतं तरी काय?"

आपल्याच प्रश्नासरशी ते उठले. त्यांनी बैल सोडायला लावले. काठीने रस्त्यावर आडवी रेघ मारली आणि दोन्ही चिंध्या बरोबर रेघेवर, जमिनीला टेकलेल्या ठेवल्या. "आता गाड्या हातानं ढकला. चिंधी फिरून पुन्हा जमिनीला टेकली की जागच्या जागी थांबायचं."

दोघांनी गाड्या ढकलल्या. थोडे अंतर गेले आणि लखू थांबला. त्याची चिंधी टेकली होती. सटवाजीची चिंधी मात्र अजून हवेत होती. त्याची गाडी पुढे जात राहिली, जात राहिली, आणि बऱ्याच पुढे जाऊन थांबली.

"लखू, आता त्याला गाठ!"

लखूने गाडी पुन्हा ढकलली. सटवाजीच्या बरोबरीला येईपर्यंत त्याची चिंधी जवळजवळ आणखी एक फेरा फिरली.

शास्त्रीबुवांनी कपाळावर हात मारून घेतला. ते राजाकडे वळले. "महाराज, एका फेऱ्यात चाक आपल्या घेराएवढीच जमीन कापतं. मोठ्या चाकाचा घेर मोठा, त्याला थोडे फेरे पुरतात. लहान चाकाला त्याच्या बरोबरीनं चालायचं, तर भरभर फिरावंच लागतं. फिरण्याचा वेग वेगळा आणि पुढं जाण्याचा वेग वेगळा. आपण दोन्ही एकच समजत होतो."

"म्हणजे दोघेही खरे?" राजाने विचारले.

"दोघेही खरे. काल मी निकाल दिला असता, तर खोटा मी ठरलो असतो."

राजाने दोघांनाही मानाने निरोप दिला. बघे पांगले. सटवाजी मान खाली घालून गाडीपाशी उभा होता. लखू जवळ आला, तसा तो म्हणाला, "भर दरबारात मी तुला लबाड म्हणालो."

"म्हणालास खरा," लखू म्हणाला. मग त्याने सटवाजीच्या बैलांची वेसण हातात घेतली. "चल, यांना आधी पाणी दाखवू. मघापासून उन्हात उभे आहेत."

तात्पर्य: दोन माणसांची मोजणी जुळत नाही, एवढ्यावरून त्यांतला एक खोटा ठरत नाही; कोडे सुटत नसेल तर आधी "मला कळत नाही" असे म्हणावे, मग नीट पाहावे आणि त्यानंतरच निकाल द्यावा.