नांदखोलचं खापरतळं

हे तळं बघायला आलेली माणसं आधी शेजारच्या टेकाडावर चढतात. चढा, हरकत नाही. पण ते टेकाड देवाचं नाही की पांडवांचं नाही. ते या तळ्यातल्या गाळाचं आहे आणि अडीच दिवसांत उभं राहिलं, असं सांगतात. मी इथला कुंभार. गावात मला धाकूतात्या म्हणतात. गोष्ट माझ्या आजोबांकडून ऐकलेली आहे, आणि ते उगाच वाढवून सांगणाऱ्यातले नव्हते. माझं काही सांगता येत नाही.

आमच्या गावची एक रीत बाहेरच्यांना खुपते. घरातून कुणी निघालं आणि मातीचं भांडं फुटलं, तर तुम्ही त्याला अपशकुन म्हणता. आमच्याकडे ते मुद्दाम फोडतात. लेक सासरी निघाली, मुलगा आगबोटीवर निघाला, की उंबऱ्यात एक परळ, म्हणजे मातीची पसरट ताटली, फोडून दोन तुकडे करतात. एक तुकडा जाणाऱ्याचा, एक घराचा. ही रीत आम्हाला एका यवनाने दिली. यवन म्हणजे ग्रीस देशाचा माणूस. मघाशी तुमचे सर सांगत होते, ऑलिंपिकचे खेळ त्यांचे, नाटकं त्यांची, माणसांनी जमून मत देणं तेही त्यांचंच. असेल. त्यांच्या मोठ्या संसारातून आमच्या वाट्याला फुटकी ताटली आली. आम्ही ती जपली.

फार जुन्या काळी या खाडीत त्यांची गलबतं येत म्हणे. पावसाळी वाऱ्यावर यायची आणि हिवाळी वाऱ्यावर परतायची. असंच एक गलबत परत निघालं तेव्हा एक व्यापारी तापाने फणफणला होता. वारा कुणासाठी थांबत नाही. सोबत्यांनी त्याला किनाऱ्यावर ठेवला आणि शिडं उभारली. त्याचं खरं नाव काय होतं देव जाणे, आमच्या जिभेवर त्याचं एरमा झालं.

एरमाला घरात घेतलं ते नागाईने. नागाई कुंभारीण, एकटी, मूलबाळ नाही, आणि जिभेची तिखट. तिने त्याला पेज पाजली, काढे पाजले. बरा झाला तेव्हा पुढची गलबतं यायला सात-आठ महिने होते. मग तो तिच्याकडेच राहिला, माती तुडवू लागला, मडक्यांच्या गळ्यावर लाटांची नक्षी काढू लागला. ती नक्षी मी अजून काढतो. तुमच्या या बाईंच्या साडीच्या काठावरही तीच आहे, बघा. रोज दुपारी तो काहीतरी विचारायला तोंड उघडायचा आणि नागाई म्हणायची, "आधी जेव, मग बोल." त्याला आमची भाषा आली ती एवढीच. नागाईला तो मुलासारखाच झाला होता. तसं तिने कधी बोलून मात्र दाखवलं नाही.

पुढच्या पौषात गलबत निघालं. आदल्या आठवड्यात एरमाने तिच्याकडून एक परळ करून घेतलं. ओल्या मातीवर त्याने काठाने लाटांची नक्षी काढली, आपली अक्षरं कोरली आणि मधोमध नागाईचा अंगठा उमटवून घेतला. तिला वाटलं, आठवण नेतोय. निघायच्या सकाळी तो उंबऱ्यात उभा राहिला आणि तिच्या डोळ्यांदेखत ते परळ त्याने दाराच्या चौकटीवर आपटून फोडलं. अंगठ्याच्या बरोबर मधून दोन तुकडे झाले. एक त्याने तिच्यापुढे धरला.

आता आमच्याकडे मातीचं भांडं कधी फोडतात, ते तुम्हाला माहीत आहे. स्मशानात. नागाई कडाडली.

"माझ्या दारात खापर फोडलंस? मेले का रे मी तुला?"

तो हातवारे करून सांगत राहिला, पण त्याच्याजवळ शब्दच नव्हते. तिने तुकडा हिसकावला आणि भिरकावला या तळ्यात. तो बराच वेळ दारात उभा होता म्हणतात. जाणाऱ्याला आपण 'ये' म्हणतो. नागाईने म्हटलं नाही. तेवढा एक शब्द तिच्या घशात राहिला आणि पुढची सोळा वर्षं तो तिला टोचत होता.

सोळाव्या वर्षी वैशाखात, अवेळी आलेल्या वादळात एक गलबत खाडीच्या तोंडाशी फुटलं. चार-पाच माणसं वाचली, त्यात एक पंधरा वर्षांची मुलगी. समुद्राने टाकलेलं आणि कुणी न ओळखलेलं माणूस बंदराच्या अधिकाऱ्याचं, असा तेव्हाचा कायदा. तो अशांना दास म्हणून विकायचा. मुलगी कमरेला बांधलेला खापराचा तुकडा सोडून ज्याला त्याला दाखवत होती. एका कोळणीने त्यावरची लाटांची नक्षी ओळखली आणि नागाईला बोलावून आणलं.

नागाईने तुकडा हातात घेतला. त्यावर तिचाच अर्धा अंगठा होता. ती काही विचारणार, तोच मुलगी अडखळत, पण अगदी नागाईच्याच ठसक्यात म्हणाली, "आधी जेव, मग बोल."

नागाई तिथे बाजारातच रडली. पण अधिकारी हलला नाही. रडणं हा पुरावा नव्हे, म्हणाला. दुसरा अर्धा तुकडा आण, जुळला तर मुलगी तुझी. तीन दिवसांनी दास नेणारं गलबत सुटेल, तोवर मुदत.

दुसरा अर्धा कुठे होता ते नागाईलाच माहीत. तिने गावाला जमवलं आणि आपल्या तोंडाने सांगितलं, की मी रागात पोराचा हात झिडकारला, चूक माझी आहे. गावाने तिच्या तिखट जिभेचे चटके खाल्ले होते, दोघा-चौघांनी ते बोलूनही दाखवलं. आणि बोलत बोलतच घमेली उचलली. तळं उपसलं, गाळ काढून बाजूला टाकत गेले. तेच हे टेकाड. दोन दिवस गेले, तिसरा उजाडला, हाताला काही लागेना.

तेव्हा नागाई म्हणाली, "हातांनी नाही मिळायचं. सरका." ती टेकाडावर चढली आणि गाळ तुडवायला लागली. जन्मभर माती तुडवलेल्या कुंभाराच्या पायाला चिखलातला बारीक खडासुद्धा कळतो. माझ्याही पायाला कळतो. दुपार कलायच्या सुमाराला ती एकदम थांबली. टाचेतून रक्त येत होतं. वाकून तिने जे उचललं, त्यावर अंगठ्याचा उरलेला अर्धा ठसा होता.

दोन्ही तुकडे अधिकाऱ्यासमोर जुळवले तेव्हा मधे केसाएवढीही फट राहिली नाही. मुलगी घरी आली.

आमची बोली शिकल्यावर तिने सगळं सांगितलं. त्यांच्या देशात पाहुणा निघाला की असं काही फोडून अर्धं-अर्धं वाटून घेतात. माणसं म्हातारी होतात, चेहरे बदलतात, पुढे मुलं येतात. तुकडे जुळले की ओळख पटते. एरमा त्याच वर्षी, ती निघायच्या आधी वारला होता. शेवटी त्याने या आपल्या लेकीच्या हातात तुकडा दिला आणि सांगितलं, "तिकडे जा. ती माझ्यावर रागावलेली आहे, पण तुला जेवू घालेल."

ते ऐकून नागाई उठली, उंबऱ्यात जाऊन उभी राहिली आणि समुद्राकडे तोंड करून म्हणाली, "ये रे."

आजही नांदखोलच्या प्रत्येक घरात कोनाड्यात असे अर्धे तुकडे आहेत. माझ्याकडे तीन आहेत, त्यातला एक थोरल्या लेकीचा. आणि आजही दर वैशाखात सारा गाव अनवाणी या तळ्यात उतरून गाळ काढतो. पायाला एखादं खापर लागलं, तर ते आम्ही फेकून देत नाही. धुतो आणि या काठावर मांडून ठेवतो. कुणीतरी रागात टाकलेलं असेल. त्याच्या घरी कुणीतरी यायचं असेल.