भाताला तोंड न लावणारा मासा

लहानांनो, थोरांनो, ही फार जुन्या काळची गोष्ट. तेव्हा माणसाला माशांचं बोलणं कळत असे. त्यासाठी पाण्याजवळ निमूट बसावं लागे, एवढंच.

त्या काळी एका खाडीच्या मुखाशी एक राज्य होतं. राजा सीमेवरच्या लढाईत गुंतला होता. राणी नवी होती, दूर डोंगरातल्या माहेराहून आलेली. खारा वारा, चिकट हवा, भरतीची गाज, यातलं काहीच तिच्या ओळखीचं नव्हतं. माहेरचं एकच माणूस तिच्यासोबत आलं होतं, आवडाई. तिनं राणीला पाळण्यात असल्यापासून सांभाळलं होतं. राणी मोठी झाली, मुकुट आला, तरी आवडाई तिला लहानपणीसारखंच ताईसाहेब म्हणे.

राजवाड्याच्या मधल्या दालनात एक मोठा हौद होता. तीन भिंती काळ्या दगडाच्या आणि चौथी जाड काचेची. कित्येक वर्षं तो कोरडा पडला होता. राणीला दिवस खायला उठत, म्हणून तिनं तो घासूनपुसून भरून घेतला आणि राजाच्या गलबतांचा म्हातारा तांडेल होता त्याला मासे आणायला सांगितलं.

तांडेलानं खाडीतलेच मासे आणले. काळुंदर माशांची एक जोडी आणि बोटाएवढ्या पिवळ्या माशांचा एक थवा. त्यानं सांगितलं की हे सारे मोठे चिवट. खारं पाणी यांना चालतं, गोडं चालतं, उन्हाळ्यात पाणी तापलं तरी यांची कुरकुर नसते. पिवळे मासे काळुंदरांच्या अंगावरची घाण टिपून खातात आणि काळुंदर त्यांना कधी धक्का लावत नाहीत. थोडं शेवाळ आणि भाताची चार शितं मिळाली की सगळ्यांचं भागतं.

तसंच झालं. आवडाई रोज सकाळी भात कुस्करून पाण्यात टाकी आणि मासे तिच्या बोटांभोवती गोळा होत. काळुंदरांनी हौदातला एक सपाट दगड साफ केला, त्यावर अंडी घातली आणि दोघं आळीपाळीनं कल्ल्यांजवळचे पर हलवून अंड्यांना वारा घालू लागली. राणी तासन्तास बघत बसे. कधी कधी त्यांचं बोलणं तिला ऐकू येई. ती दोघं दगडाविषयी, पाण्याविषयी आणि होणाऱ्या पिल्लांविषयी बोलत. एखाद्या शेजारणीच्या घरात डोकावावं, तसं तिला वाटे.

पण पाहुणे येत, हौदासमोर घटकाभर थांबत आणि पुढे जात. एकदा एका सरदाराची बायको हसून म्हणाली की असले राखाडी मासे आमच्याकडे बाजारात टोपलीतून येतात. राणीला ते लागलं. तिनं तांडेलाला पुन्हा बोलावलं आणि फर्मावलं की कुणी पाहिला नसेल असा देखणा मासा आणा.

तांडेलाचं गलबत गेलं आणि पावसाळ्याआधी परतलं. त्यानं आणलेला मासा पाहून दालनातली माणसं बोलायची थांबली. अंग चांदीसारखं, त्यावर निळी झाक, आणि त्या निळाईवर तपकिरी डाग, जणू कुणी संगमरवरावर शाई सांडली होती. तो पोहत नव्हता. पाण्यात नुसता टांगल्यासारखा थांबला होता.

तांडेल जरा घुटमळला. त्याला काहीतरी सांगायचं होतं.

"राणीसाहेब, ज्या तळ्यातून हा आणला, त्या तळ्यात दुसरा एकही मासा नव्हता," तो म्हणाला.

राणीनं ऐकलं आणि तिचा चेहरा उजळला. एवढा दुर्मीळ मासा आपल्याकडे आला, एवढंच तिला त्यातून कळलं. तिनं आपल्या हातानं त्याला हौदात सोडलं.

त्या दिवसापासून हौदासमोर गर्दी होऊ लागली. सरदाराची बायकोही येऊन गेली आणि खूप वेळ थांबली. मात्र काळुंदरांचा रंग उतरला. त्यांची अंगं काळवंडली आणि ती दगडाला चिकटून राहू लागली. एका दुपारी मादी काचेजवळ आली. राणी एकटीच होती.

"राणीसाहेब, त्याला इथून न्या," मादी म्हणाली. "भुकेला मासा आमच्याकडे बघतो, मग आम्ही सावध होतो. हा आमच्याकडे बघतच नाही."

राणीला हसू आलं. तुम्ही त्याच्या रूपावर जळता, असं तिनं मादीला सांगितलं आणि ती उठून गेली.

मग पिवळे मासे कमी होऊ लागले.

पाण्यात रक्त दिसत नव्हतं. तळाशी खवला नव्हता, काटा नव्हता. पाणी इतकं नितळ की पलीकडच्या दगडावरच्या छिन्नीच्या खुणा दिसाव्यात. थवा मात्र आज होता त्याहून उद्या विरळ दिसे. जे उरले होते ते गप्प झाले. त्यांचं बारीक कुजबुजणं राणीच्या कानांच्या इतकं सवयीचं झालं होतं की ते थांबल्यावरच दालन किती मोठं आहे ते तिला जाणवलं.

नोकरमाणसं घाबरली. टळटळीत दुपारी दालनातून जायचं ती टाळू लागली. कुणी म्हणे, हौद उगाच कोरडा ठेवला नव्हता. कुणी म्हणे, दुपारी काचेच्या आतून कुणीतरी बाहेर बघत असतं. झाडलोट करणाऱ्या बायका पदर तोंडाशी धरून लांबच्या सज्जातून वळसा घालू लागल्या. देखणा मासा तेवढा आपल्या जागी टांगलेला असे. आता तो वीतभर राहिला नव्हता, हातभर झाला होता.

आवडाईला भुताखेतांचं काही वाटत नव्हतं. तिला वेगळाच प्रश्न पडला होता आणि एका सकाळी, हाताला लागलेला भात धुता धुता, तिनं तो बोलून दाखवला.

"ताईसाहेब, तो भाताला तोंड लावत नाही. शेवाळालाही नाही. मग तो वाढतोय कशावर?"

प्रश्न साधा होता आणि त्याचं उत्तरही काचेपलीकडेच होतं. पण उत्तर मान्य केलं असतं तर त्या माशाला घालवावं लागलं असतं, आणि त्याच्यामुळेच तर लोक आता आपल्या दाराशी येतात, असं राणीला वाटत होतं. मनाला एकदा वाकडी वाट सापडली की सरळ वाट दिसेनाशी होते. राणीला वाटलं, आवडाईला पहिल्यापासून ते राखाडी मासेच आवडतात. रोज हौदात हात घालते ती एकटी. पिवळे मासे तीच काढत असेल आणि आळ माझ्या माशावर घालत असेल.

तिनं तसं बोलून टाकलं, चार नोकरांसमोर.

आवडाईनं हात पुसले, भाताचं भांडं पालथं घालून ठेवलं आणि आपलं गाठोडं घेऊन ती राजवाड्याच्या पायऱ्या उतरली. खाडीच्या पलीकडे होडीच्या धक्क्याजवळ तिच्या ओळखीची एक विधवा राहत होती, तिच्याकडे ती गेली. राणीनं खिडकीतून तिची होडी जाताना पाहिली. राणी तिला परत बोलावील, असं नोकरांना वाटलं होतं. तिनं बोलावलं नाही.

पुढे सर्व पिवळे मासे संपले. मग एके दिवशी काळुंदराचा नर दिसेना. मादी पिल्लांचा पुंजका अंगाखाली घेऊन कोपऱ्यात फिरे आणि तो पुंजकाही रोज लहान होत गेला. राणी काचेजवळ गेली की मादी पाठ फिरवी. तिला जे सांगायचं होतं ते तिनं आधीच सांगितलं होतं.

मग ती दुपार आली. हवा कोंदली होती, खाडी ओहोटीनं मागे गेली होती आणि वाड्यात कुठे भांड्याचासुद्धा आवाज नव्हता. राणी दालनात आली, तर हौदात हालचालच नव्हती. मादी नव्हती. पिल्लं नव्हती. आणि तळाच्या वाळूवर तो देखणा मासा कुशीवर पडला होता.

त्याची चांदी गेली होती. डाग पसरून अंग सडल्यासारखं झालं होतं. कल्ला हलत नव्हता. उघडा डोळा वर बघत होता आणि त्यात काही नव्हतं.

जे काही या हौदात होतं त्यानं यालाही मारलं, असं राणीला वाटलं. तिनं कुणाला हाक मारली असती, पण हाकेला येणारं माणूस तिनंच पलीकडच्या तीरावर धाडलं होतं. ती हौदाच्या काठावर वाकली. रडत रडत तिनं पाण्यात हात घातला, त्याला निदान वाळूवरून उचलावं म्हणून. बोटं त्याच्या तोंडाजवळ पोचली.

डोळा हलला.

दुखलं ते नंतर. आधी तिनं पाणी लाल होताना पाहिलं, मग हात वर ओढला, आणि करंगळीचं टोक नव्हतं.

मासा सरळ झाला. बघता बघता त्याच्या अंगावरचे डाग आवळले, चांदी परतली आणि तो पुन्हा पूर्वीसारखा पाण्यात टांगल्यासारखा थांबला. इतक्या दिवसांत त्यानं एक शब्द उच्चारला नव्हता. त्याचा आवाज शांत होता, सभ्यही होता.

"मी असा पडतो, मग ते जवळ येतात," तो म्हणाला. "सगळेच येतात. मेलेल्याची भीती कुणाला वाटत नाही. ती काळुंदर तेवढी येणार नव्हती. तिचं शेवटचं पिल्लू आलं, त्याला परत न्यायला ती आली."

राणीनं पदर हाताला गुंडाळला. मी तुला काय कमी केलं होतं, असं तिनं त्याला विचारलं.

"काहीच नाही. मी कुठून आलो ते तुम्ही ऐकलंत. त्या तळ्यात दुसरा मासा नव्हता, तेही ऐकलंत. मी काय खातो, ते मात्र तुम्ही कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं, राणीसाहेब. मी खोटं बोलत नाही."

आणि राणीला आठवलं, हे विचारणारं या घरात कुणीतरी होतं.

तिनं वैद्याची वाट पाहिली नाही. तशीच, रक्तानं भिजलेल्या पदरानिशी, ती धक्क्यावर गेली आणि होडीत बसली. पलीकडे आवडाई अंगणात जाळं विणत बसली होती. तिनं आधी राणीचा हात धरला, हळद दाबली, स्वच्छ फडकं बांधलं. गाठ मारून झाल्यावर राणीनं घडलं ते सांगितलं आणि चल म्हणाली. त्याच चार नोकरांसमोर तुझी माफी मागते, असंही म्हणाली.

आवडाईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"राग नाही, ताईसाहेब. पण आता त्या पायऱ्या माझ्याच्यानं चढवणार नाहीत. तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही या."

राणीनं खूप विनवलं. आवडाई आली नाही, पुढे कधीच आली नाही. राणीनं चार नोकरांसमोर आपली चूक कबूल केली, पण ती ऐकायला जिनं असायला हवं होतं ती तिथं नव्हती.

त्या माशाला मारा, असं दरबारानं सुचवलं. राणीनं ते मानलं नाही. तो जसा जन्मला तसा वागला होता. त्याला या घरात सोडणारा हात तिचा होता. तांडेलानं त्याला घडवंचीवरच्या मोठ्या रांजणात घातलं आणि त्याच्या त्या एकट्या तळ्यात परत नेऊन सोडलं.

हौद रिकामा करून धुतला गेला, उन्हात वाळवला गेला. पुढच्या साली राणीनं तो पुन्हा भरला. या वेळी ती स्वतः खाडीच्या चिखलात उतरली. प्रत्येक माशाबद्दल तिनं कोळणींना विचारलं की हा खातो काय, याला जागा किती लागते, पिल्लं झाली की हा चिडतो का, आणि शेजारी कोण असला की याला झोप लागते. उत्तरं मिळाल्यावरच तिनं मासे निवडले. ते राखाडी होते. सरदाराची बायको येऊन पाहून गेली आणि थांबली नाही.

लढाई संपवून राजा घरी आला, तेव्हा हौदात काळुंदरांची नवी जोडी दगड साफ करत होती आणि पिवळे मासे त्यांच्या पाठी टिपत होते. भर दुपार होती. झाडलोट करणाऱ्या बायका दालनातून सरळ, गप्पा मारत चालल्या होत्या. राजानं राणीचा हात हातात घेतला, करंगळीकडे पाहिलं आणि तिनं काही न लपवता त्याला सारं सांगितलं.

म्हणून मुलांनो, ज्याला आपल्या घरात घ्यायचं, त्याचं रूप मागाहून पाहावं. तो कशावर जगतो, ते आधी विचारावं.