‘माझा’ म्हणायला शिकलेले भेकर

सागाच्या एका दाट जंगलात भेकराचे एक पिल्लू राहत असे. पाय काडीसारखे, कान मोठे, आणि आवाज असा खणखणीत की एकदा ओरडले तर पलीकडच्या टेकडीवरचे मोरही दचकावेत. पण तो आवाज ते फारसा काढत नसे. आई त्याला सारखी सांगे, "बाळा, माझं माझं करू नये." पिल्लू गुणी होते. हातात आलेला शेवटचा आवळासुद्धा ते दुसऱ्याला देऊन टाकत असे.

मुलांनो, त्या जंगलात शाळाही होती, आणि शाळेचा व्हॉलीबॉलचा संघ आता निवडला जाणार होता. भेकराला त्या संघात जायचेच होते. उंच उडी मारून चेंडू आपटणे वानराचे काम, हे त्याला मान्य होते. त्याला पलीकडून आलेली सर्व्हिस उचलायची होती. म्हणून शाळा सुटल्यावर ते मैदानात पळसाची पाने मांडी, पुढे तीन आणि मागे तीन. चेंडू वर उचलून देणारा लिफ्टर जाळीपाशी जाणार, उरलेले पाच सर्व्हिस घेणार, कोणी कोणाच्या मागे उभे राहायचे, सगळे त्याने घोकून पाठ केले. पाने वाऱ्याने उडून गेली तरी त्याचे पाय बरोबर आपल्या जागेवर जात.

सराव सुरू झाला. रानडुकराने सर्व्हिस मारली आणि चेंडू आला तो नेमका भेकर आणि वानर यांच्या मधोमध.

"घे तू," भेकर म्हणाले.

"तूच घे," वानर म्हणाला.

चेंडूने दोघांचे ऐकून घेतले आणि तो धप्पकन जमिनीवर पडला. पुढचा चेंडूही तसाच पडला, आणि त्याच्या पुढचाही. संघ निवडणाऱ्या अस्वलसरांनी भेकराला बाजूला घेतले. "जागा तुला पाठ आहेत," ते म्हणाले. "पण जागेवर नुसतं उभं राहून भागत नाही. चेंडू येताना दिसला की ‘माझा’ म्हणून ओरडायचं, म्हणजे शेजारचा बाजूला होतो. परवाच्या निवडीत हे जमलं नाही, तर मी तुझ्या जागी सशाला घेईन."

भेकराला फार वाईट वाटले. ‘माझा’ म्हणायला गेले की त्याला आईचे शब्द आठवत. तेवढ्यात चेंडू घरंगळत मैदानाच्या कडेला गेला. भेकर तो आणायला धावले, तर खड्यांमध्ये अंडी घालून बसलेली टिटवी अंगावर आली. एवढीशी टिटवी, पण कलकलाट असा की भेकर चार पावले मागे सरले.

"मला फक्त चेंडू हवाय," ते म्हणाले.

"मग तो घे आणि माघारी फीर. ही अंडी माझी आहेत."

"माझं माझं करू नये, असं आई म्हणते."

"खाताना करू नये," टिटवी म्हणाली. "राखताना करावंच लागतं. मी ‘माझी’ म्हटलं नाही, तर यांना राखायला दुसरं कोण येणार आहे?"

भेकर चेंडू घेऊन परतले ते मनाशी पक्के ठरवूनच. पहिल्यांदा ते ‘माझा’ म्हणाले ते फक्त मुंग्यांना ऐकू गेले असेल. मग आवाज मोकळा झाला, आणि इतका मोकळा झाला की वानराच्या डोक्यावरचा चेंडूही ते ‘माझा’ म्हणून घ्यायला गेले. दोघांची डोकी आपटली. "हाही तुझाच का?" वानर टेंगूळ चोळत म्हणाला. "नाही, तो तुझा होता," भेकर म्हणाले, आणि आपली जागा कुठे संपते ते दोघांनी पुन्हा एकदा नीट पाहून घेतले. अंधार पडेपर्यंत त्यांनी चेंडू सोडला नाही.

निवडीच्या दिवशी ससा आधी उतरला. मधल्या चेंडूंपासून तो शिताफीने बाजूला होई आणि ते पडले की म्हणे, "तो माझा नव्हता, सर." मग भेकराची पाळी आली. पहिलीच सर्व्हिस मधोमध आली. "माझा!" भेकर ओरडले आणि वानर बाजूला झाला. चेंडू भेकराच्या पायावर आपटून थेट करवंदीच्या जाळीत गेला.

"कोणाची चूक?" अस्वलसरांनी विचारले.

भेकराचे कान पडले होते, तरी ते म्हणाले, "माझी."

हे घाबरले असणार, असे समजून रानडुकराने पुन्हा तिथेच सर्व्हिस मारली, तीही अधिक जोरात. भेकर जागेवरून हलले नाही. "माझा!" या वेळी चेंडू अलगद उचलला गेला आणि सरळ लिफ्टरच्या हातात पोचला. वानराने तो पलीकडे आपटला.

अस्वलसरांनी भेकराला संघात घेतले तेव्हा ससा रागावून पुढे आला. "सर, माझा एकही चेंडू चुकला नाही. याचा तर पहिलाच चुकला."

"खरं आहे," अस्वलसर म्हणाले. "तुझा एकही चुकला नाही, कारण तू एकालाही आपला म्हटलं नाहीस."

तात्पर्य इतकेच : लाभाच्या वेळी ‘माझे’ म्हणणे सोपे असते; पण जो जबाबदारीला आणि चुकीलाही ‘माझी’ म्हणतो, तोच आपल्या जागेला शोभतो.