सात आळ्यांचा मोगरा

माघातली थंडी ओसरू लागली, की निवांतबुवा महाराज केतकवाडीच्या मारुतीच्या देवळात मुक्कामाला येत. लोक हार-नारळ घेऊन देवळात जात आणि महाराज मात्र कुणाच्या तरी परसात, कोपरापर्यंत मातीत! कुणाच्या गुलाबाची वाळकी फांदी उतरव, कुणाच्या शेवंतीचे फुटवे वेगळे करून लाव, कुणाच्या जास्वंदीला शेणखत घाल. अशी ही आगळी संतमूर्ती!

त्या वर्षी वसंतपंचमीला महाराज सगुणा गुरविणीच्या परसात आले. नवऱ्यामागे देवीची फुलसेवा ती एकटीच सांभाळत होती. पाडव्याला ग्रामदेवी केतकाईच्या गळ्यात मोगऱ्याचा पहिला हार तिच्याच घरचा, ही तीन पिढ्यांची रीत. मोगऱ्याची झाडे सातच. पण तिचा सारा जीव त्यांत.

महाराज म्हणाले, "सगुणे, मोगरा ताणावर सोड. हातभर ठेवून छाट, पानं ओरबाडून टाक, आळी उकरून मुळांना ऊन दाखव. आणि मी सांगेपर्यंत पाण्याचा थेंब घालू नकोस."

"जी म्हाराज," म्हणून तिने पदर खोचला. संध्याकाळी परसात सात खुंट तेवढे उरले. दुसऱ्या दिवशी महाराज पुढच्या गावी निघून गेले.

गावचे दाजीबा देशमुख यांची बाग मोठी, विहिरीवर मोट, आणि गर्व मोटेहून मोठा! पाणवठ्यावर सगळ्यांदेखत ते हसले, "काय गं सगुणे, पाडव्याला देवीला काटक्यांचा हार घालणार की काय?"

"म्हाराजांनी सांगितलंय, दाजीसाहेब."

"महाराज गेले निघून! माझा मोगरा बघ, कसा हिरवागार आहे. यंदा तुझा हार आला नाही, तर सेवा माझ्या घरी येईल." पंचांनीही माना डोलावल्या.

फाल्गुन लागला, होळी झाली. महाराजांचा निरोप नाही. खुंट काळे पडले. एके दिवशी सगुणेला राहवेना. तिने भरली घागर उचलली, पहिल्या आळ्यावर धरली. तुम्ही-आम्ही असतो, तर चोरून तांब्याभर तरी घातलेच असते! पण त्या माउलीने ती घागर तशीच नेऊन तुळशीला घातली आणि वृंदावनाशी बसून पोटभर रडली.

पाडव्याच्या आदल्या दुपारी महाराज दारात उभे!

"सगुणे, किती घागरी घातल्यास?"

"एकबी न्हाई, म्हाराज. तुमी सांगितलं न्हवतं."

महाराजांचे डोळे भरून आले. हातातला कमंडलू घेऊन ते एकेका आळ्यापाशी वाकले. कमंडलू तेवढासा, आळी सात. पण सातही काठोकाठ भरली! महाराज म्हणाले, "सकाळी टोपली घेऊन ये."

पहाटे सगुणेने परसदार उघडले आणि वासानेच तिचे पाय खिळले. पान एक नाही, पण खुंटाखुंटावर टपोऱ्या कळ्या! टोपली भरली, पदर भरला, तरी झाडे पांढरीच.

इकडे केतकाईच्या देवळात दाजीबा रिकाम्या हातांनी उभे होते. गड्यांनी सारी बाग पालथी घातली होती. पानेच पाने, कळी म्हणाल तर एक नाही! सगुणा हार घेऊन आली, तशी त्यांची मान खाली गेली.

"महाराज," ते हळूच म्हणाले, "रोज दोन वेळा पाणी दिलं. माझ्या बागेला काय कमी पडलं?"

महाराज हसले. "कमी काहीच पडलं नाही, दाजीबा. तिथंच तर अडलं."

दाजीबांनी पागोटे काढले आणि महाराजांचे पाय धरले. महाराजांनी त्यांना उठवून सगुणेकडे वळवले. "मी नुसतं सांगितलं. भरली घागर हिनं परत फिरवली."

आणि साऱ्या गावासमोर देशमुखांनी गुरविणीपुढे डोके टेकले. सगुणा संकोचून मागे सरली, "अवो, उठा दाजीसाहेब," म्हणाली. पण ते उठेनात.

"बाई, माघात माझ्या बागेत येशील ना?" ते म्हणाले. "कुठून कापायचं, ते मला दाखव."