मरण न दिलेला पूर्वज

एकदा एका राज्यात एक वृद्ध वंशपाठक आणि त्याचा शिष्य राहत असत. राज्याचं नाव वेणुमाळ. नकाशात शोधू नका. नदीनं पात्र बदललं तेव्हा नकाशाचा तो कोपराच वाहून गेला.

वेणुमाळच्या राजघराण्यात एक रीत होती. नवा राजा सिंहासनावर बसण्याआधी वंशपाठकानं साऱ्या पूर्वजांचा पाठ मोठ्यानं म्हणायचा. नुसती नावं म्हणून भागत नसे. कोणाच्या पोटी आला, काय केलं आणि कशानं गेला, हे तिन्ही सांगावं लागे. एक राजा लढाईत पडला होता, एक माशाचा काटा घशात अडकून गेला होता, एक झोपाळ्यावरून पडून, आणि एकाला तर गांधीलमाशीनं संपवलं होतं. यातलं काहीही झाकायचं नाही, असा दंडक होता. प्रत्येक पूर्वजाच्या नावाचा एक काळा, गुळगुळीत दगड सभागृहाच्या भिंतीत बसवलेला असे. नाव घेऊन पाठक श्वासभर थांबला की त्या दगडातून हलकेच आवाज येई, "आहे."

आता तुम्ही म्हणाल, दगडातून आवाज? तर येई. वेणुमाळच्या लोकांना त्याचं विशेष वाटत नसे. पाल चुकचुकली म्हणून आपण घर सोडून जातो का? तसंच ते. तान्ही पोरं त्या आवाजावर निजत.

यंदा राज्याभिषेक होता तो तरुण सोमकेतूचा. त्यात वंशपाठकाचा घसा बसला होता, तेव्हा पाठ शिष्यानं म्हणायचा ठरला. अभिषेकाच्या आदल्या दिवशी सोमकेतूनं शिष्याला बागेत बोलावून घेतलं.

"पाठाची सुरुवात कोणापासून होते?"

"मूळपुरुषापासून, महाराज. तो नावाडी होता. महापुरात त्यानं लोकांना पैलतीरी नेलं, म्हणून लोकांनी त्याला राजा केलं."

"आणि तो गेला कशानं?"

शिष्य घुटमळला. "अतिसारानं, महाराज."

"उद्या आमचे होणारे सासरे समोर बसणार आहेत. त्यांचं घराणं सूर्यापासून सुरू होतं आणि आमचं वल्ह्यापासून! नावाड्याच्या आधी आणखी एक पूर्वज हवा. जरा बरा."

"बरा म्हणजे कसा?"

"म्हणजे पोट न बिघडलेला!" सोमकेतू कडाडला. मग आवाज मऊ करून म्हणाला, "गुरुजी थकले आता. त्यांच्यानंतर वंशपाठकाची गादी कोणाला द्यायची, ते आम्हीच ठरवतो. नाही का?"

शिष्यानं मनाशी विचार केला, नाव म्हणजे काय, तोंडातून निघालेला वारा. एक नाव वाढलं तर कोणाचं काय जातं? घरी येऊन त्यानं एका बैठकीत पूर्वज रचला. नाव ठेवलं अरिंदमसेन. मुख पूर्णचंद्रासारखं, नेत्र कमळाच्या पाकळ्यांसारखे, छाती नगराच्या दरवाज्यासारखी, बाहू गुडघ्यांपर्यंत लांब, कांती तापलेल्या सुवर्णाची, वाणी मेघांची, आणि चारी दिशा जिंकण्याची अखंड इच्छा. गुरुजींना मात्र त्यानं ते ऐकवलं नाही. त्यांचा घसा बसला होता, कान शाबूत होते.

अभिषेकाच्या दिवशी भर दुपारी सभा भरली. गुरुजी घरी निजून होते. शिष्यानं अरिंदमसेनाचं वर्णन खड्या आवाजात म्हटलं. सासरेबुवांची मान डोलली. वर्णन संपलं आणि शिष्य सवयीनं श्वासभर थांबला. खरं तर थांबायचं कारण नव्हतं. भिंतीत ज्याचा दगडच नाही, तो बोलणार कुठून?

"आहे."

आवाज भिंतीतून आला नव्हता. तो सिंहासनातून आला होता.

सगळ्यांनी तिकडे पाहिलं. सिंहासनावर कोणीतरी बसलेलं होतं. खांद्यावर वाटोळा, फिकट, थंड उजेडाचा गोळा. त्याला नाक नव्हतं, तोंड नव्हतं, नुसते चंद्रावर असतात तसे डाग होते. त्यावर दोन ओल्या गुलाबी पाकळ्या चिकटलेल्या, आणि त्या हळूहळू उघडत होत्या. छाती सपाट आणि रुंद, तिच्यावर दरवाज्याला असतात तसे खिळे. अंगाच्या तापलेल्या सोन्याची धग पुढच्या रांगेपर्यंत येत होती. पाय नव्हते, कारण पायांचं वर्णन शिष्यानं केलंच नव्हतं. पंखा वारणारा एक सेवक सिंहासनाच्या मागे उभा होता. तो नंतर शपथेवर सांगत असे, की मागून पाहिलं तर सिंहासन रिकामं होतं. त्याला पाठही कोणी दिली नव्हती ना!

"कोण रे तू?" मेघ गडगडावा तसा प्रश्न आला.

"मी... सोमकेतू. आपला वंशज."

"मग खाली बैस."

आणि सोमकेतू खाली बसला. दुसरं करणार काय? घरातलं वडील माणूस हयात असताना धाकट्यानं सिंहासनावर बसायचं नाही, हीही वेणुमाळचीच रीत. सासरेबुवा तेवढे उठले. "इतके वडीलधारे अजून हयात आहेत, हे आम्हांला कोणी कळवलं नव्हतं," असं म्हणून त्यांनी सिंहासनाला लांबूनच नमस्कार केला आणि लेकीसह मागच्या दारानं चालते झाले.

दुसऱ्या सकाळी पाकळ्या उघडल्या आणि अरिंदमसेनानं विचारलं, "पूर्व कुठे आहे?"

कोणीतरी बोट दाखवलं.

"जिंकून आणा."

वेणुमाळला सैन्य म्हणावं असं सैन्यच नव्हतं. मग नावाड्यांच्या हातातली वल्ही काढून भाले देण्यात आले. कोळ्यांची पोरं, कुंभारांची पोरं, जी दिसतील ती धरून आणली. त्यात शिष्याचा धाकटा भाऊही होता. नदीकाठच्या मैदानात तो शिष्याला भेटला, तेव्हा भाला हातात फिरवून बघत होता.

"दादा, याचं टोक आपल्याकडे धरायचं का त्यांच्याकडे रे?"

पौर्णिमेला सेना निघणार होती. त्यानं सभागृहात धाव घेतली आणि अरिंदमसेनाला गाळून सगळा पाठ पुन्हा म्हटला. काही उपयोग झाला नाही. नाव न घेताच सिंहासनातून आवाज आला, "आहे." भिंतीतले दगड मात्र एकही बोलले नाहीत. वडील बोलत असताना धाकटे कसे बोलतील?

शेवटी तो गुरुजींच्या पायांशी जाऊन पडला. म्हातारा ज्येष्ठमधाची काडी चघळत बसला होता.

"घातलास ना घोळ?" घोगऱ्या आवाजात गुरुजी म्हणाले.

"घातला, गुरुजी."

"त्याची आई कोण?"

"सांगितली नाही."

"कशानं गेला?"

"स्तुती करताना मरण कोण सांगतं, गुरुजी?"

"अरे गाढवा, मग आपण मेलोय हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं?"

शिष्य ताडकन उठला. "आत्ता जाऊन सांगतो! रणांगणात, मदमत्त हत्तीवर, शत्रूच्या बाणांनी सर्वांगाची चाळण होऊन..."

"खबरदार! असलं मरण दिलंस तर तो दुप्पट फुगेल, आणि पोरांनाही तसंच मरण मागेल."

एवढं बोलून म्हाताऱ्यानं एक चमत्कारिक गोष्ट केली. मंत्र नाही, अंगारा नाही. चुलीवरचा गुरगुट्या भात त्यानं वाटीत काढला, वर तूप-मीठ घातलं, आणि वाटी घेऊन सभागृहाची वाट धरली. शिष्य मागोमाग निघाला. त्याला वाटलं, घसा तर बसलाच होता, आता बुद्धीही बसली.

सभागृहात चिटपाखरू नव्हतं. फक्त एका खांबाला टेकून सोमकेतू खाली मान घालून बसलेला. ऐन दुपारी तिथे चांदण्यासारखा गार उजेड पडला होता, आणि धगही होती. म्हातारा थेट सिंहासनासमोर मांडी घालून बसला.

"काय रे बाळा, जेवलास का?"

चंद्रावरचे डाग हलले. गडगडाट सुरू झाला आणि मधेच विरला. असं कोणी त्याला विचारलंच नव्हतं.

"तुझी आई कोण?"

मग पाकळ्या थरथरल्या. "माहीत नाही."

म्हाताऱ्यानं मान वळवली. "सांग त्याला."

"पण खरं कुठून आणू, गुरुजी?" शिष्य कुजबुजला.

"तुझ्यापाशी असेल त्यातलं दे."

शिष्य पुढे झाला. "तुझी आई... गवराई." हे त्याच्या स्वतःच्या आईचं नाव होतं. "तू उशिरा बोलायला लागलास. तिला वाटायचं, पोर मुकं निघालं. तुला बेडकांची भीती वाटायची. पावसाळ्यात तू अंगणात उतरायचा नाहीस, मग ती तुला कडेवर घेऊन गोठ्यात न्यायची. एकदा पेरूच्या झाडावरून पडलास. हनुवटीवर खूण आहे बघ."

आणि तिथे खरंच हनुवटी होती. तिच्यावर खूण होती. शिष्य बोलत गेला तसं त्या गोळ्याला नाक फुटलं, ओठ आले, पाकळ्यांखाली साधे, किंचित तिरळे डोळे दिसू लागले. छातीवरचे खिळे गळून टणटण वाजत फरशीवर पडले. लांबलचक बाहू आखडत माणसाच्या मापाचे झाले. शिष्यानं पाय सांगितले, टाचेच्या भेगा सांगितल्या. सिंहासनावर आता एक मध्यम उंचीचा, जरासा बावरलेला माणूस बसला होता. म्हाताऱ्यानं वाटी पुढे केली. तो हातानं भात खाऊ लागला, भुकेलं माणूस खातं तसा.

"आता सांग," गुरुजी हळूच म्हणाले.

सकाळपर्यंत ज्याचा कडेलोट करायला शिष्य तयार होता, त्याच्या हनुवटीवरची खूण आता त्याला दिसत होती. त्या माणसानं खाता खाता मान वर केली.

"काही सांगायचं राहिलंय का माझं?"

"हो," शिष्य म्हणाला. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "तू म्हातारा झालास. एक दिवस ओसरीवर वालाच्या शेंगा सोलत बसला होतास. आतून सून म्हणाली, चला जेवायला. तू ओ दिलीच नाहीस."

तो माणूस विचारात पडला. "फार दुखलं का?"

"नाही."

"जवळ कोणी होतं?"

"मी होतो."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्यानं वाटी नीट खाली ठेवली, धोतराला हात पुसले, आणि सिंहासनावरून उठून उभा राहिला. जाताना त्याची पाठ दिसली. साधी, थोडी वाकलेली पाठ. भिंतीपर्यंत पोचला तोवर तो नव्हताच.

मग सोमकेतूनं खांबापाशी बसूनच विचारलं, "गुरुजी, हे काय केलंत? त्याला हाकलायचं सोडून जेवू घातलंत?"

म्हातारा म्हणाला, "राजा, पूर्वजांचं मरण आपण त्यांची फजिती करायला सांगत नाही. त्यांनी जागा रिकामी केली म्हणून आपल्याला बसायला मिळालं, याचं भान राहावं म्हणून सांगतो. ज्याच्या गोष्टीत नुसता पराक्रम असतो, आई नसते, आजारपण नसतं, त्याला निरोप देता येत नाही. तो जागा सोडत नाही, आणि त्याच्या अपुऱ्या इच्छा आपल्या पोरांना भाले घेऊन पुऱ्या कराव्या लागतात. मोठेपणा देणं सोपं असतं. माणूसपण द्यायचं तर पदरचं घालावं लागतं, आणि मग त्याला जाऊ देताना रडूही येतं. ते रडू आल्याशिवाय कोणी पूर्वज होत नाही."

त्या संध्याकाळी नदीकाठच्या मैदानात भाले परत घेतले गेले आणि ज्याची वल्ही त्याला मिळाली. शिष्य मात्र घरी आला तो ओसरीवर घोंगडी अंथरून सुतकात बसला. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. चूल पेटवणं त्याला बरं वाटेना, एवढंच. थोड्या वेळानं वाटेनं एक माणूस आला आणि काही न बोलता त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. मुकुट नव्हता, पायांत जोडे नव्हते.

शेजारची म्हातारी कुंपणाशी आली. तिनं राजाला ओळखलं नाही. तिची नजर अधू होती, आणि असल्या वेशात राजाला ओळखतो तरी कोण?

"कोण गेलं रे तुमच्यात?"

शिष्यानं सोमकेतूकडे पाहिलं.

"घरातलंच माणूस, मावशी," सोमकेतू म्हणाला.

"अरेरे. म्हातारं होतं का?"

"होतं म्हातारं. पण आम्हांला थोडेच दिवस लाभलं," शिष्य म्हणाला.

म्हातारी चुकचुकत आत गेली. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारधर्मानं पिठलं-भात घेऊन आली आणि दोघांना वाढून गेली. सोमकेतूनं पानातला पहिला घास काढून बाजूला ठेवला, आणि मग जेवला.